पगाराची खिडकी

दुसऱ्याला त्याचा पगार विचारू नये, अशी आमच्या घरातली सक्त शिकवण. लहानपणी मी एकदा एका पाहुण्यांना "काका, तुम्हाला पगार किती?" असे विचारून बसलो होतो. वडिलांनी त्या पाहुण्यांच्या देखत माझा कान असा पिळला की, पुढे कितीतरी दिवस मला वय विचारायचीसुद्धा भीती वाटे. आणि नशिबाची गंमत पाहा! दुसऱ्यांचे पगार मोजण्यातच माझा जन्म गेला. परळच्या एका गिरणीत मी पगारखात्यात कारकून होतो. लोखंडी गजांची एक लहानशी खिडकी, तिच्या आत मी आणि पगारवही, आणि बाहेर हजारो माणसांची रांग. कोणाला किती मिळतात हे मला तोंडपाठ असे. पण ते घरी सौ.लाही मी कधी सांगितले नाही.

तेव्हा आज मी परक्या माणसांच्या पगारांविषयी लिहायला बसलो आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्यातून ही माणसे कोण, तर इंग्लंडातले फुटबॉलपटू! माझा आणि फुटबॉलचा संबंध एवढाच की, शाळेत असताना मला नेहमी गोलरक्षक करीत, आणि गोल झाला की नेहमी मलाच मारीत. पण झाले ते असे.

2019 सालच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे लेकीकडे गेलो. तिचे बिऱ्हाड मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी नावाच्या गावात. मी बेरीज-वजाबाकीत हयात घालवलेला माणूस. गावाचे नाव ऐकूनच मला ते आपलेसे वाटले. ट्रामने मँचेस्टरला जा, ट्रामने परत या. गावात एक मोठा बाजार भरतो, आणि बाजारापासून जवळच जॉन के याचे स्मारक आहे. याच मुलखात जन्मलेल्या या माणसाने 1733 साली उडता धोटा शोधून काढला आणि हातमागाचा वेग वाढला. मी त्या स्मारकासमोर बराच वेळ उभा राहिलो. सौ. म्हणाली, "नमस्कार करायचा असेल तर करून टाका, पण लवकर. थंडी वाजतेय." करावासा वाटला, हे खरे. आमच्या गिरणीतल्या जुन्या साच्यांवर याच लँकेशायरमधल्या गावांची नावे ओतलेली असत. ज्या गावांच्या लोखंडावर आम्ही जगलो, तिथेच लेकीने घर करावे!

आता फुटबॉलकडे वळतो. घरात बारा वर्षांचा नातू. तो मँचेस्टर सिटीचा भक्त. शेजारी एक म्हातारेबुवा, कागदगिरणीतून निवृत्त झालेले. ते बेरीच्या क्लबाचे भक्त. एक कुबेराचा भक्त, दुसरा सुदाम्याचा. 18 मेला सिटीने एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात वॉटफर्डला सहा-शून्य असे हरवले, तेव्हा नातवाने घर डोक्यावर घेतले. कुंपणापलीकडून शेजारी शांतपणे म्हणाले, "आमची बरोबरी केलीत. अभिनंदन!" मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण ते खरे होते. 1903 साली याच कपाच्या अंतिम सामन्यात बेरीने डर्बी कौंटीला सहा-शून्य हरवले होते, आणि त्या स्पर्धेत एकही गोल अंगावर घेतला नव्हता. एकशेसोळा वर्षे तो विक्रम या लहानशा गावाने एकट्याने सांभाळला होता.

त्या रात्री नातवाने मला आपल्या एका लाडक्या खेळाडूचा पगार वाचून दाखवला. वर्तमानपत्रात छापून आलेला आकडा होता आठवड्याला सुमारे तीन लाख पौंड. जुनी खोड जाते कुठे! मी कागद घेतला आणि रुपये केले. आठवड्याला पावणेतीन कोटी. रुपया तेव्हाचा वेगळा आणि आताचा वेगळा हे मला कळते. पण आमच्या अख्ख्या गिरणीचा वर्षाचा पगार या गृहस्थांच्या दोन आठवड्यांत बसला असता. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणालो, "हा शुद्ध अन्याय आहे. यावर सरकारने मर्यादा घातली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी हेच मी शेजाऱ्यांना ऐकवले. वाटले होते, गरीब क्लबाचा माणूस, लगेच मान डोलावील. पण ते म्हणाले, "मर्यादा? ती आम्ही साठ वर्षे पाहिली आहे." आणि मग चहाच्या दोन किटल्या संपेपर्यंत त्यांनी मला जी हकिकत सांगितली, ती ऐकून माझी गुर्मी पार उतरली.

1901 साली इंग्लंडातल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी नियम केला की, कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक द्यायचे नाहीत. सुरुवातीला ही रक्कम काही वाईट नव्हती. पण पुढे मैदाने तुडुंब भरू लागली, दाराशी पैशांचा पाऊस पडू लागला, आणि ही मर्यादा मात्र मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. 1960 सालीही ती वीस पौंड होती, आणि उन्हाळ्यात सामने नसत तेव्हा सतरा. शेजारच्याच प्रेस्टन गावचा टॉम फिनी हा इंग्लंडच्या आजवरच्या श्रेष्ठ खेळाडूंत गणला जातो. हा माणूस शनिवारी देशासाठी खेळे आणि एरवी लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करी! 1952 साली इटलीतल्या पालेर्मो क्लबाने त्याला दहा हजार पौंड देऊ केले. पण त्याच्या क्लबाने त्याला सोडले नाही. कारण दुसरा नियम त्याहून जालीम होता. करार संपला तरी खेळाडूचे नाव क्लबाच्या दप्तरात अडकलेले राही. क्लब सोडणार नाही, आणि हवा तर पगारही देणार नाही!

मी विचारले, "मग दाराशी जमलेला पैसा जाई कुठे?" शेजारी हसले. ते म्हणाले, "हा प्रश्न विचारणारा माणूस पुढे जन्माला आला. त्याचे नाव जिमी हिल."

हनुवटीवर दाढी राखलेला हा खेळाडू 1957 साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याने गावोगाव हिंडून माणसे एक केली, संपाची नोटीस दिली, आणि संपाला तीन दिवस उरले असताना, 18 जानेवारी 1961 रोजी, मालकांनी मर्यादा उठवली. फुलहॅम क्लबाचे अध्यक्ष एक विनोदी नट होते. नियम मोडता येत नाही म्हणून, एरवी जॉनी हेन्सला मी आठवड्याला शंभर पौंड दिले असते, असे ते ऐटीत सांगत. नियम गेला आणि बोलल्याप्रमाणे शंभर मोजावे लागले! 1963 साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात कोर्टाने तो दुसरा, बांधून ठेवणारा नियम अन्यायाचा ठरवला. आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपच्या न्यायालयाने जाँ-मार्क बोस्मन या बेल्जियन खेळाडूच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा करार संपलेला खेळाडू युरोपात खऱ्या अर्थाने आपल्या मनाचा मालक झाला.

18 जानेवारी ही तारीख ऐकून मी मात्र चपापलो. आमचा गिरणी संप सुरू झाला तो 18 जानेवारी 1982 रोजी. त्यांच्या काही शे माणसांनी संपाचे नुसते नाव काढले आणि जिंकले. आमची अडीच लाख माणसे संपावर गेली आणि हरली. तारीख तीच, पण दैव वेगळे. फुटबॉलच्या मालकांना खेळाडूंवाचून दुकान चालवता येत नव्हते. आमच्या मालकांना गिरणीवाचून चालत होते, कारण गिरणीखालची जमीन जागच्या जागी होती.

असो. सांगायचे म्हणजे, खेळाडूंना जास्त मिळते हा अन्याय नव्हे, हे मला त्या दिवशी पटले. लोक ज्याला पाहायला पैसे मोजतात, त्याला त्या पैशांतला वाटा मिळू नये, तर काय खुर्च्या मांडणाऱ्या अध्यक्षाला मिळावा? मी नातवाची माफी मागितली. पण अन्याय होता; तो मी चुकीच्या पानावर शोधत होतो. तो होता कुंपणापलीकडे.

बेरीच्या क्लबाने त्याच वसंतात वरच्या वर्गात बढती मिळवली होती. आणि गंमत म्हणायची की शोकांतिका, हे तुम्हीच ठरवा. ती मिळवली तेव्हा खेळाडूंचे आणि कचेरीतल्या माणसांचे पगार थकलेले होते! आधीच्या काळात क्लबाने कमाईपेक्षा फार मोठे पगार कबूल केले होते. तसे पाहिले तर त्या वर्गात नियम होता की, उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांहून अधिक पैसा खेळाडूंवर खर्चू नये. पण मालकाने खिशातून घातलेला पैसाही उत्पन्नातच धरला जाई. म्हणजे खिसा आहे तोवर नियम पाळला जातो, आणि खिसा फाटला की करार तेवढे उरतात. मैदानावर कर्ज चढले होते. 2018 सालच्या डिसेंबरात क्लब नव्या मालकाला विकला गेला, तो एका पौंडाला. आमच्या गिरणीचा भंगार लोखंडाचा तुकडाही त्या भावात गेला नव्हता.

जुलैमध्ये घेणेकऱ्यांशी तडजोड झाली. त्या संध्याकाळी नातवाने मला ती समजावून सांगायला लावली. मी हिशेबातला माणूस ना! तिकडे एक रिवाज आहे. क्लब बुडू लागला तर खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे देणे आधी, आणि पुरते फेडायचे. नाहीतर स्पर्धेत जागा नाही. उरलेल्यांनी उरेल ते घ्यायचे. बेरीच्या बाबतीत त्या उरलेल्यांना पौंडामागे पंचवीस पेन्स देण्याचे ठरले. 2010 साली पोर्टस्मथचा मोठा क्लब बुडाला, तेव्हा उरलेल्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे लोक होते. येणे सुमारे सत्तावीसशे पौंड. मैदानात कोणी पडला तर स्ट्रेचर घेऊन धावणारी ही धर्मादाय माणसे. सरकारच्या करखात्याने या रिवाजाविरुद्ध दावा लावला, पण 2012 साली तेही हरले.

नातवाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण आजोबा, पैसे थोडेच असतील तर आधी कोणाला द्यायचे?"

मी काहीच बोललो नाही. चष्मा पुसण्याच्या निमित्ताने आत गेलो.

1984 सालची दिवाळी. संप मोडल्यावर आमची गिरणी कशीबशी सुरू झाली होती. पगार मागे पडू लागले होते. त्या वसुबारसेला पेढीतून आलेला पैसा सगळ्यांना पुरणारा नव्हता. वरून हुकूम आला: कचेरीतल्या लोकांचे आधी वाटून टाका, खात्यांतल्या लोकांना सोमवार सांगा. सोमवारीही पैसे येणार नव्हते, हे मला ठाऊक होते. मी आपले पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले आणि खिडकी उघडली. दिवसभर एकच वाक्य: "सोमवारी या."

संध्याकाळी साचेखात्यातले एक मामा आले. तीस वर्षे नोकरी झालेली. मी त्यांनाही सोमवार सांगितला. ते हलले नाहीत. गजांजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा झाला का?"

मी म्हणालो, "नाही हो मामा. आमचाही अडकलाय."

का खोटे बोललो, ते आजही मला नीट सांगता येत नाही. भीती वाटली म्हणा, लाज वाटली म्हणा. मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग हातातल्या पिशवीतून फुलबाज्यांची एक लहान पेटी काढली आणि गजांतून आत सरकवली. "तुमच्या पोरीला द्या," ते म्हणाले. "आमचे थोरले झालेत आता."

आणि मी ती घेतली. घेतली नसती तर खोटे उघडे पडले असते. पुढच्या वर्षी गिरणी बंद झाली. मामा गावाकडे गेले, ते मला पुन्हा दिसले नाहीत. नातवाचा प्रश्न ऐकला आणि पस्तीस वर्षांपूर्वीची ती पेटी कुणीतरी पुन्हा माझ्यासमोर सरकवली, असे झाले.

27 ऑगस्ट, मंगळवार. बेरीला मिळालेल्या मुदतीचा शेवटचा दिवस. नवा गिऱ्हाईक येणार, क्लब वाचणार, शनिवारी सामना होणार, अशी आशा होती. म्हणून गिग लेनचे मैदान झाडून-पुसून ठेवायला लोकांना बोलावले होते. शेकडो माणसे आली. शेजाऱ्यांबरोबर मीही गेलो. सौ. म्हणाली, "घरी कधी केरसुणी हातात धरली नाहीत!" पण मी धरली. कोणी खुर्च्या पुसत होते, कोणी गवत उपटत होते. लहान पोरे, म्हाताऱ्या बाया. यांतल्या एकाचेही नाव कुठल्या पगारवहीत नव्हते आणि कुठल्या येण्याच्या यादीतही नव्हते. शेजारी एक खुर्ची पुन्हा पुन्हा पुसत होते. ती त्यांच्या वडिलांची जागा होती.

गिऱ्हाईक मागे फिरले. रात्री उशिरा बातमी आली: 1894 सालापासून लीगमध्ये असलेला क्लब लीगमधून काढून टाकला. कुंपणापलीकडे दिवा जळत होता. नातू, जो सिटीचा भक्त, तो मला न विचारता उठला, शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला, आणि बेल न वाजवता परत आला.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. 2020 सालच्या ऑगस्टमध्ये खालच्या दोन वर्गांतल्या क्लबांनी पुन्हा पगारांवर मर्यादा घातली. क्लबामागे वर्षाला अडीच दशलक्ष आणि दीड दशलक्ष पौंड. खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली आणि 2021 च्या फेब्रुवारीत ती मर्यादा उठली. युरोपच्या महासंघाने दुसरी वाट धरली: संघावरचा खर्च उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांत ठेवा. आधी नव्वद, मग ऐंशी, आणि 2025-26 पासून सत्तर. ऐकायला चोख, पण सिटीच्या उत्पन्नाचे सत्तर टक्के वेगळे, आणि गरिबाच्या उत्पन्नाचे सत्तर टक्के वेगळे. मोठा मोठाच राहतो. एव्हर्टन क्लबाने तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून 2023 साली त्याचे दहा गुण कापले. अपिलात ते सहा झाले. पैसे उधळले चालकांनी आणि गुण गेले, ते पावसात भिजत उभ्या राहणाऱ्यांचे. अखेर 2025 च्या जुलैमध्ये इंग्लंडात फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र देखरेख ठेवणारा कायदा झाला. त्यामागच्या चर्चेत बेरीचे नाव वारंवार निघे.

आणि बेरी? गावाने वर्गणी काढली, सरकारने हात लावला, 2022 साली भक्तांनी मैदान विकत घेतले, आणि 2023 पासून बेरी पुन्हा गिग लेनवर खेळू लागला. पार खालच्या पायरीवरून, पण आपल्या पायांवर. नातू आता शेजाऱ्यांबरोबर तिथे जातो. सिटी सोडलेली नाही, म्हणतो; पण शनिवारी जातो.

गेल्या दिवाळीला लेकीचे बिऱ्हाड इकडे आले होते. नातवाच्या हातात फुलबाजी होती, आणि मी सगळ्यांसमोर मामांची गोष्ट सांगितली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या फुलबाज्या मला आठवतात, बाबा. मी हाका मारत होते, आणि तुम्ही गॅलरीत आलाच नव्हतात."

नातवाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले. कोणाला किती मिळावे, हे सांगण्याइतका शहाणा मी नाही. ज्याच्या पायांत जादू आहे त्याने खुशाल लाखांनी घ्यावे. पण जेवढे येणार तेवढेच कबूल करावे, आणि कमी पडले तर सगळ्यांना एकाच रांगेत उभे करावे. खेळाडू, छापखानेवाला, स्ट्रेचरवाला, सगळ्यांना. आणि जो खिडकीच्या आत बसला आहे, त्याने आपले पाकीट सर्वांच्या शेवटी उचलावे.

"आणि उरलेच नाही तर?" त्याने विचारले.

"तर बाहेर खरे सांगावे," मी म्हणालो.